पोळ्याच्या दिवशीची तार

तारेच्या कामात लाइन बंद पडली की वहीत वेळ लिहायची, सही करायची आणि यंत्राच्या खटक्यावरचा हात काढून घ्यायचा. मी नियमाचा पक्का माणूस. माझी बायको आशा चिडवायची, "तुमी सपनातबी वेळ लिहून सही करसान." तर एकसष्ट सालच्या पोळ्याला सकाळी सव्वाअकरा वाजता, टेकोड्याच्या डाक-तार कचेरीत, मी 'काळंबीची लाइन बंद' असं लिहिलं आणि सही केली. ती वही आजही दाखवीन.

टेकोडं पूर्णेच्या काठचं, काळंबी त्याच काठावर नऊ मैल वर. तिथला तारबाबू किसनराव माझा दोस्त. अकोल्याला एका खोलीत राहून आम्ही तार शिकलो, एका ताटात जेवलो. सरकारी काम उरकलं की इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी गप्पा ठोकायचो. अक्षरासारखा तारेवरही ज्याचा त्याचा हात असतो. किसन बोलणं संपलं की दोन हलक्या टिचक्या द्यायचा, तळहातावरची तंबाखू झटकावी तशा. शंभरांत मी त्याला ओळखला असता.

तीन दिवस पावसाची झड लागली होती. लाइनवरचा शेषराव कमरेपर्यंत चिखलात माखून आला. "बाबू, नाल्यात चार खांब आडवे झाले. तार पान्यात पडली. चार रोज विसरा आता."

दुपारी जरा उघडलं तसे लोक बैलांच्या मागे लागले. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली. नदीला लागून गुरं जमायचं आखर, तिथं तोरण बांधलेलं. सारे बैल त्याखाली उभे करायचे, झडत्यांची गाणी म्हणायची आणि पाटलाची मानाची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटला. तो फुटेपर्यंत कोणी आपली जोडी हलवत नाही. दीडशे घरांचं गाव झाडून आखरावर होतं. आशाही होती, कडेवर आमची पाच महिन्यांची पोर.

तीन वाजून पाच मिनिटांनी यंत्र वाजलं.

लाइनचा काटा मेल्यासारखा पडलेला. वाटलं, विजेचा खेळ असेल. ढगात वीज असली की तुटकी तारही कधी टकटकते. पण विजेला अक्षरं येत नाहीत.

'देवमन, पाणी चढून राह्यलं. घाटाच्या सात पायऱ्या उरल्या. गाव हलव.' आणि दोन टिचक्या.

मी पेच सैल करून लाइनची तार यंत्रातून सोडवली. ओढून टेबलावर टाकली. मग हात मांडीवर ठेवून बसलो.

'सहा,' यंत्र म्हणालं.

काळंबीचं पाणी टेकोड्याला दोन तासांत पोचतं. मी आखराकडे पळालो. नत्थुजी पाटील मानाच्या जोडीला बेगड चिकटवत होते.

"काळंबीची तार आहे, पाटील. मोठा पूर येऊन राह्यला. टेकडीवर चला."

"शेषराव त म्हने तार तुटली."

"जोडली," मी म्हणालो. सरकारी खुर्चीवरून बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

गर्दीतून कोणीतरी हसलं, "बापाची डफडी गेली, आता पोराची टकटक!" माझा बाप या गावात दवंडी द्यायचा. छपन्न साली आम्ही दीक्षा घेतली, त्या दिवशी त्यानं डफडी पूर्णेत फेकली. म्हणाला, आता कोणासाठी ओरडणार नाही. माझे कान तापले. नत्थुजी मात्र हसले नाहीत.

"पोळा न फोडता बैल हलवले अन् पूर नाई आला, त वरीसभर गाव मले खाईन. घाट पुरा बुडाला अशी खबर आन. मंग हलतो."

मी परत धावलो. यंत्र वाट पाहत असल्यासारखं लगेच बोललं.

'तीन उरल्या. मागून नाल्याचं पाणी कचेरीत आलं. सारे निघून गेले. जमुना बोलावून राह्यली. उठू का?'

जमुना त्याची बायको.

आता मी खरं ते सांगतो. मला किसन नको होता, मला शेवटच्या तीन पायऱ्या हव्या होत्या. आखरावर हसणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला हव्या होत्या, आणि माझ्या पोरीसाठी हव्या होत्या. कोणतं कारण मोठं होतं ते मला अजून सांगता येत नाही. आणि तार तर सुटून टेबलावर पडलेली. मेल्या तारेवर बोललं तर कोणाचं काय जातं?

मी खटका दाबला. 'उठू नको. घाट बुडाला की सांग.'

'बरं.' दोन टिचक्या.

बाहेर झडत्या सुरू झाल्या होत्या. लोक हसत होते, घुंगरं वाजत होती.

'दोन.'

'एक.'

मी दारापाशी जाऊन उभा राहिलो.

'बुडाला. देवमन, उठू का?'

मी तोवर दाराबाहेर होतो. मागे यंत्रानं पुन्हा तेच विचारलं. ऐकू आलं मला.

उत्तर दिलं नाही.

नत्थुजींनी आपल्या हातानं तोरण सोडलं. "टेकडीवर बांधा रे! पोळा वरतंच फुटन!" मानाची जोडी पुढे निघाली, तिच्यामागे सारे बैल, बैलांमागे सारं गाव. सव्वापाचला पूर्णा आखरावर आली, सहाला माझ्या कचेरीच्या छपरावर. टेकोड्याचं एक वासरूही गेलं नाही. नत्थुजींनी भर गर्दीत मला छातीशी धरलं. म्हातारे माझ्या बापाचं नाव घेऊन रडत होते.

चौथ्या दिवशी चिखल तुडवत काळंबीला गेलो. पाणी उतरल्यावर किसन सापडला होता. खुर्चीतच. हात खटक्यावर.

जमुना शाळेच्या ओसरीत बसली होती. भोवती गावातल्या बाया.

"काहून म्हटलं, भाऊजी?" ती म्हणाली. "तीनदा हात धरून ओढलं मी त्यायले. म्हनत, देवमन म्हनते उठू नको. त्यानं ऊठ म्हटलं का उठतो."

साऱ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

पुरात भिजलेली वही पिशवीत होती. मी ती काढली आणि पान उघडून तिच्यापुढं धरलं. "वहिनी, तार सकाळीच तुटली होती. हे पाहा, सव्वाअकरा. ही माझी सही. मी कसा बोलीन?"

तिनं त्या पानाकडे फार वेळ पाहिलं. "म्हंजे यायले भरम झाला."

"हो," मी म्हणालो.

थू माझ्या जिंदगानीवर.

पुढच्या पोळ्याला, तीन वाजून पाच मिनिटांनी, 'उठू का?' आलं. नवी कचेरी, नवं यंत्र, हात तोच. मी उठून बाहेर गेलो. त्याच्या पुढच्या सालीही गेलो. ऊठ म्हणावं, तर मग ते त्या दिवशीच का नाही म्हटलं?

यंदा राहवलं नाही. दार लावून घेतलं, लाइनची तार सोडवून बाजूला ठेवली, जशी त्या दिवशी होती तशी. विचारणं संपेपर्यंत थांबलो.

'ऊठ, किसन. घरी जा.'

दोन टिचक्या आल्या. मग यंत्र गप्प झालं. मी टेबलावर डोकं टेकून पोरासारखा रडलो, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

आठ दिवसांनी जमुनाचं कार्ड आलं. तिला मोठ्या अक्षरात लिहिता येतं.

'देवमन भाऊजींस जमुनाचा नमस्कार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, हे घरी आले. पाटावर बसून आहेत, जेवत नाहीत. पायाचा गाळ कितीही धुतला तरी निघत नाही. म्हणतात, देवमननं ऊठ म्हटलं. भाऊजी, तुम्ही तर मला वही दाखवली होती.'

खाली सहीच्या जागी काळ्या मातीचे दोन ठिपके होते. बोट लावून पाहिलं, अजून ओले होते.