हिरवी पूड

आमच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत पाण्याच्या टाकीएवढा चुंबक उभा आहे. त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढी नळी सोडायची आणि आतल्या पदार्थाचे अणू काय बोलतात ते ऐकायचं, हे माझं काम. अणू फार हळू बोलतात. म्हणून नमुन्यात चिमूटभर हिरवी पूड मिसळायची, सगळं गोठवायचं आणि मायक्रोवेव्हचे बारीक बारीक ठोके द्यायचे. पुडीतल्या इलेक्ट्रॉनांचं बळ त्या ठोक्यांनी शेजारच्या अणूंना मिळतं आणि संकेत शेकडो पटींनी वाढतो. यात जादू काही नाही, उसनवारी आहे. आमचे इंजिनीअर नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवतात, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पूड विसरू नका."

माझा धाकटा भाऊ या यंत्राला माझी सासू म्हणायचा. तिला सगळं थंडगार लागतं आणि ती मला घरी सोडत नाही, म्हणून. मागच्या वर्षी त्याच्या मेंदूला आजार जडला. औषध जहाल होतं. डॉक्टर म्हणाले, "ते मेंदूपर्यंत पोचतंय असं दिसलं तर चालू ठेवू. नाहीतर उगाच हाल कशाला?" पण ते इतकं थोडं असणार होतं की त्यांच्या तपासण्यांत काही दिसेना. मग त्याच्या मणक्यातून काढलेलं पाणी मी माझ्याकडे आणलं. काहीही करून मला तो संकेत हवा होता.

नमुना मी स्वतःच तयार केला. दुपारी ठोके सुरू केले. पडद्यावरच्या आलेखात औषधाची खूण दिसायला हवी तिथे आधी टेकाड उगवलं, मग सुळका. एवढा उंच संकेत मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी खुर्चीत बसून रडले आणि घरी फोन लावला.

"थांब गं," आई म्हणाली, "त्याला एकदम हुडहुडी भरलीये. पांघरुणांवर पांघरुणं घातली तरी दात वाजतायत."

"ताप असेल. त्याला दे ना फोन, चांगली बातमी आहे."

त्याचा श्वास जड येत होता. "ताई, कोण टकटक करतंय गं?"

"कुठे?"

"आत. बारीक बारीक. थांबव ना."

असल्या गोष्टींना मी एरवी हसते. तरी ठोके बंद केले.

"थांबलं," तो म्हणाला.

ठोके थांबले की उसनं बळ ओसरतं, बघता बघता सुळका बसतो. हा बसेना. मी इंजिनीअरांना हाक मारली. त्यांनी नळी बाहेर काढून दिव्यासमोर धरली.

"हिरवं कुठाय?"

आतला बर्फ पांढरा होता. फ्रिजमध्ये पुडीची कुपी होती, सीलसुद्धा न फोडलेली. भावाच्या काळजीत मी पूड घालायलाच विसरले होते.

"मग हे बळ आलं कुठून?" मी विचारलं.

त्यांची नेहमीची म्हण त्यांनी त्या दिवशी म्हटली नाही. नळी त्यांच्या हातात होती, चुंबक रिकामा होता. पडद्यावर सुळका तसाच होता.

औषध चालू राहिलं. भावाच्या अंगात ऊब मात्र परत आली नाही. गरम पाण्याच्या पिशव्या त्याच्या कुशीत गार पडायच्या. तो जिवंतपणीच इतका गार होता की तो गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं.

ठोके देणारा भाग इंजिनीअरांनी सुटा करून कपाटात ठेवला. रिकाम्या चुंबकाचा संकेत मी रोज बघत राहिले.

तो गेल्यावर काही दिवसांनी सुळका खचायला लागला. मला मेलीला बरं वाटलं.

काल तो पुन्हा चढला.

मी धावत घरी आले. आई गॅलरीत भर उन्हात बसली होती, अंगात भावाचा स्वेटर.

"बघ गं," ती म्हणाली, "कोण टकटक करतंय?"