रिकामा बेड

सोळा वर्षांनी ती नर्सिंगच्या शाळेत पुन्हा पहिल्या वर्षाला परतली, तेव्हा वर्गातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी तिची 'मावशी' करून टाकली. तिने मनाला लावून घेतलं नाही. पूर्वी ती दुसऱ्या वर्षाला असताना आईला अर्धांगवायू झाला आणि भाऊ म्हणाला, "तू हेच शिकतेयस ना? मग आईचं तूच बघ." चार महिन्यांपुरती म्हणून ती घरी गेली. आई पंधरा वर्षं अंथरुणावर होती. आई गेली तेव्हा तिला रडू आलं, पण त्याआधी हायसं वाटलं. ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

शाळेने वयाची अट तिच्यापुरती, एकदाच सैल केली होती. पहिल्या प्रात्यक्षिकात नापास झाली, तर नाव कमी.

सरावाच्या खोलीत आठ बेड होते. पहिला धडा अगदी साधा, रुग्ण नसलेला रिकामा बेड करायचा. खालची चादर, मेणकापड, त्यावर आडवी चादर, कोपरे पाकिटासारखे दुमडायचे. मावशीचे हात सरसर चालले. पण चादर मधोमध काही केल्या बसेना. तिने तळहात फिरवला. गादीला लांबट खळगा होता. आणि तो कोमट होता.

"इथे कोण झोपलं होतं?"

"सरावाच्या बेडवर कोण झोपणार?" तिच्या जोडीला दिलेली मुलगी हसली. तिला सगळे चिमणी म्हणत.

दुसऱ्या दिवशी मावशीने खिडकीजवळचा बेड घेतला. खळगा तिथेही होता. आठवडाभरात तिने आठही बेड करून पाहिले. ती ज्या बेडपाशी उभी राही, तोच कोमट लागे. शनिवारी उशीजवळ वाकली, तर निलगिरीच्या तेलाचा वास आला. आईचे गुडघे ती त्याच तेलाने चोळायची.

"कोपरे फक्कड," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पण मधे सुरकुती राहतेय. अशा सुरकुतीनेच पाठीला जखमा होतात."

"बाई, मधे कुणीतरी..."

"काय?"

"काही नाही."

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. दहा मिनिटं दिली. मावशीने जुनी चादर ओढली. चादर निघेना. पुन्हा ओढली. वर काहीतरी जड असावं तशी ती जागच्या जागी ताणली गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं उरली होती.

मग तिच्या हातांनी तिला विचारलंच नाही.

ती वाकली. एक हात खांद्याच्या उंचीवर, एक कमरेपाशी, आणि तिने ते वजन अलगद पलीकडे वळवलं.

"धर," ती म्हणाली.

चिमणीने गोंधळून हात पुढे केले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिने हात सोडले नाहीत.

जुनी चादर गुंडाळून पाठीशी सरकवली. नवी पसरली. वजन अलीकडे घेतलं. चिमणीने पलीकडून चादर ओढून खोचली.

एकही सुरकुती नव्हती.

परीक्षकांनी पूर्ण गुण लिहिले, आणि जाताना बेडला वळसा घालून, पाय न वाजवता गेले.

बाहेर व्हरांड्यात चिमणी बराच वेळ हात धूत होती. "मावशी," ती शेवटी म्हणाली, "त्या आजींची पाठ किती हडकलीय हो."

दुपारी शरीरशास्त्राचा तास होता. फळ्यावर बाई हृदयाचे कप्पे काढत होत्या. मावशी पास झाली होती. तिने वहीचं नवं पान उघडलं, तारीख घातली.

सरावाच्या खोलीतली सेविका दारात येऊन उभी राहिली.

"दोन तास झाले," ती बाईंना म्हणाली. "कूस बदलायचीय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

बाईंनी वळूनही पाहिलं नाही. "जा, मावशी," त्या म्हणाल्या. "आणि दर वेळी विचारत बसू नका. उठून जात चला."