सुरगाठ

गोदामात माल बांधण्यात त्याचा उभा जन्म गेला. सोबती त्याला गाठोबा म्हणत. घरीही तेच. दोरी दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. दुसऱ्याच्या हवाली करायच्या सामानाला तो सुरगाठ मारायचा, दोन वेढे देऊन, टोक डावीकडे सोडून. ओढलं की सुटलीच पाहिजे. स्वतःबरोबर न्यायच्या सामानाला मात्र निरगाठ. तिला कात्रीच लागायची.

"मलाही एखाद्या दिवशी बांधून न्याल," बायको चिडवायची.

"तुला कशाला बांधू? तू येशीलच."

आता तो अतिदक्षता विभागात होता. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्यानं डोळा उघडला नव्हता, बोट हलवलं नव्हतं. नाकातून पोटात घातलेल्या नळीनं पातळ अन्न जायचं, तेवढंच. तिला फार काही नको होतं. त्यानं एकदा हाक मारावी, निदान खेकसावं तरी. त्याच्या निपचित हातांकडे बघून तिचा जीव तुटायचा.

एका दुपारी नळीतून अन्न जाईना. ओढली तर नळी निघेना. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून ती कशीबशी बाहेर काढली. टोकाशी गाठ बसली होती.

"क्वचित होतं असं," डॉक्टर म्हणाले. "नळी जास्त आत गेली की पोटात वेटोळं होतं. आमचंच माप चुकलं असेल."

तिनं ट्रेमध्ये पाहिलं. दोन वेढे. टोक डावीकडे. तिनं ते हलकेच ओढलं आणि गाठ सुटली.

"ही ह्यांची गाठ आहे," ती म्हणाली. डॉक्टर भले होते. त्यांनी तिला वेड्यात काढलं नाही, बसायला खुर्ची दिली.

दुसरी नळी मोजूनमापून बेताची घातली. एक्स-रेमध्ये ती सरळ दिसली. दोन दिवसांत तीही तुंबली. बाहेर आली तेव्हा तीच गाठ होती. या वेळी डॉक्टर क्वचित वगैरे काही बोलले नाहीत.

"आता नाकातून नको. उद्या पोटाला छोटं छिद्र करून नळी थेट आत घालू."

तिनं मान डोलावली. इतके दिवस ती नुसती हरखली होती, तो बोलतोय म्हणून. काय बोलतोय ते तिला आत्ता कळलं. तो एकटाच निघाला होता, तिला दुसऱ्यांच्या हवाली करून.

ती त्याच्या कानाशी वाकली. "सुरगाठ नको हो. मला नाही राहायचं मागे."

हात हलले नाहीत.

खिडकीतून ऊन येत होतं. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली ती यंत्राच्या एकसुरी आवाजानं. सिस्टर धावत आली. "मावशी, जरा बाजूला व्हा!"

ती उठली. तिच्या अंगावरची शाल ताणली गेली.

शालीचं टोक त्याच्या चादरीच्या टोकाला बांधलेलं होतं. तिनं डावीकडे चाचपलं. ओढायला काहीच सोडलेलं नव्हतं.

"थांबा, कात्री आणते," सिस्टर म्हणाली.

"राहू दे गं," ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीत बसली.