लाल गरुडाच्या पाठीवर

प्रेबेनला घराची किंमत विचारणं म्हणजे अख्खी दुपार गमावणं. थायलंडच्या उदोन शहरात केस पांढरे झाले, तरी हा डॅनिश म्हातारा जमीन कचेरीतला तो दिवस टक्क्याटक्क्यानं सांगायचा. हस्तांतराचे दोन टक्के. त्यातले निम्मे विकणाऱ्यानं भरायचे, तेही यानंच भरले. मुद्रांक यानं. विकणाऱ्याचा प्राप्तिकर, तोही याच्याच खिशातून. "फिरंगी दिसला की विकणाऱ्याचे खिसे आपोआप शिवले जातात," असं म्हणून स्वतःच हसायचा.

नूडल्सच्या दुकानावरचा जिना चढून तो वानदीच्या कचेरीत आला, तेव्हा मात्र हसला नाही.

"माझी बायको गेली. मालिवान. आणि तिचा भाऊ मला चोर म्हणतो."

वानदी खाजगी तपास करायची. सुपोत हा निवृत्त हवालदार तिच्या हाताखाली. त्याचं निम्मं लक्ष कायम खालच्या दुकानातल्या वासाकडे असे.

"चोरी कशाची?" वानदीनं विचारलं.

"घराच्या मालकीपत्राची. लाल गरुडाच्या सरकारी शिक्क्याचं. तिच्या कपाटात असायचं. अंत्यविधीनंतर उघडलं, तर कुलूप शाबूत, दागिने जागच्या जागी, फक्त तेवढा कागद नाही. तिचा भाऊ थावोन म्हणतो, महिनाअखेर कागद दे आणि चालता हो. नाहीतर पोलिस."

"किल्ली?"

"इस्पितळात तिच्या उशाशी. आम्ही तिघंही आळीपाळीनं बसायचो. मी, थावोन आणि त्याची मुलगी पायलिन."

"घर मालिवानच्या नावावर?"

"फिरंग्याला इथे जमीन मिळते का बाई! पैसा माझा, नाव तिचं. वर मला लिहून द्यावं लागलं की पैसासुद्धा तिचाच. तुमची अक्षरं मला वाचता येत नाहीत. बोट ठेवतील तिथे सही केली. गेल्या वर्षी गुत्त्यावर एका देशबांधवानं त्या पत्राची नक्कल मला वाचून दाखवली. म्हणाला, पुरता नागवला गेलास." म्हातारा थांबला. "त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही. ती अंथरुणाला खिळली. औषध दिलं, अंग पुसलं. पण बोललो नाही."

सुपोतनं घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"त्या दिवशी कचेरीत सगळे पैसे तुम्हीच भरलेत?" वानदीनं विचारलं.

"सगळे. एक चिल्लर सोडून. शेवटी कसले तरी पंचाहत्तर बाट होते. मी पाकीट काढलं, तर तिनं हात धरला. म्हणाली, 'एवढे माझे. तुझ्या हिशेबात लिहू नकोस.' मी किती खर्चलं आणि तिनं किती, ते गुत्त्यावर सांगून मी लोकांना हसवायचो."

वानदीनं पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही घरी जा. काही खाल्लंय का सकाळपासून?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

जिना उतरताना सुपोत म्हणाला, "ताई, यानंच लपवलाय. जाता जाता सूड."

"आणि स्वतःला पकडून द्यायला आपल्याला फी देतोय? तू हवालदार म्हणूनच निवृत्त झालास, हे बरोबर झालं."

थावोन भाताच्या गोदामात पोती मोजत होता. वानदीचं ऐकून त्यानं हात झटकले. "मी कशाला चोरू? बहिणीनं घर माझ्या मुलीच्या नावे लिहून ठेवलंय. कायद्यानं त्या घरात फिरंग्याचा एक खिळासुद्धा नाही. एकदा विमानात बसला की आठवड्यात घर विकतो. दोन गिऱ्हाइकं दारात उभी आहेत."

पायलिन आत्याच्या घरी इस्त्री करत होती. आत्यानं वाढवलेली, फिरंग्यानं शिकवलेली पोर. डोळे सुजलेले.

"काकांना त्यांच्या देशात जाऊ द्या," ती म्हणाली. "इथे आता त्यांचं कोण आहे? आत्या शेवटपर्यंत रोज विचारायची, 'जेवलास का?' एका शब्दानं उत्तर द्यायचे नाहीत."

"तुझे बाबा घर विकायच्या घाईत आहेत."

"बाबांचं काय घेऊन बसलात! काका जिवंत आहेत तोवर त्या घराला गिऱ्हाईक कुठलं?"

"पोर भोळी आहे," सुपोत बाहेर आल्यावर म्हणाला.

वानदी थेट निघाली. ती जमीन कचेरीत शिरली. सुपोत समोरच्या गाडीवर भाजलेली कोंबडी आणि चिकट भात खात बसला. ती बाहेर आली, तेव्हा चेहऱ्यावर विजय नव्हता, सुतक होतं.

संध्याकाळी सगळे प्रेबेनच्या पडवीत जमले. भिंतीवर मालिवानचा फोटो, त्याला झेंडूची माळ.

"दागिने सोडून कागद नेणारा पैशाचा चोर नव्हे," वानदीनं सुरुवात केली. "आणि मालकीपत्र चोरून मालक होता येत नाही, दुसरी प्रत कचेरीत असतेच. मग त्या कागदाचा उपयोग काय? एकच. तो कुणाच्या तरी नजरेआड ठेवणं."

"कुणाच्या?" थावोन गुरकावला.

"खरेदीचा खर्च टक्क्यांत लागतो. पंचाहत्तर बाट खरेदीचे नव्हेत. कुणाला हयातभर राहण्याचा हक्क मोफत दिला, तर त्याच्या नोंदणीला पंचाहत्तर लागतात. ती नोंद मालकीपत्राच्या पाठीवर होते. प्रेबेन, तुम्ही त्या दिवशी एका कागदावर सही करून हक्क गमावला आणि दुसऱ्यावर सही करून मिळवला. मालिवाननं हे घर तुम्हाला मरेपर्यंत राहायला दिलंय. मी आज कचेरीत नोंद पाहिली."

म्हातारा खुर्चीचा हात धरून बसून राहिला.

"थावोनला हे ठाऊक नव्हतं. नाहीतर आठवड्यात विकायच्या गप्पा मारल्या नसत्या. म्हाताऱ्याला हाकलता येतं, असं समजणारा माणूस गिऱ्हाइकं गोळा करतो. पण 'काका जिवंत आहेत तोवर गिऱ्हाईक नाही' असं कोण म्हणेल? ज्यानं ती पाठ वाचलीय, तोच."

पायलिननं नाकारलं नाही.

"घरासाठी नाही घेतला," ती म्हणाली. "मी आत्याला रोज विनवायचे, दाखव त्यांना कागद, बोलतील तुझ्याशी. ती म्हणायची, 'कागद दाखवून नवरा परत मिळवायचा असेल, तर नकोच तो.' आणि ती गेली. मग मी ठरवलं, यांना कधीच कळू नये. बायकोनं फसवलं असंच समजून जाऊ दे. तेवढीच त्यांची लायकी."

"गाढवे!" थावोन ओरडला, पण ते कुणी ऐकलं नाही.

तिनं फोटो उतरवला. चौकटीमागून घडी काढली. "रोज हिच्यासमोर बसत होतात, काका. कागद तुमच्यासमोरच होता."

प्रेबेननं कागद घेतला, उलटा केला, पुन्हा तिच्याकडे दिला. "मला वाचता येत नाही. तू वाच."

पायलिननं कागद घेतला. तिनं दोनदा सुरुवात केली. "पती प्रेबेन यास... त्याच्या हयातीपर्यंत... बिनमोबदला."

"शेवटचा शब्द काय?"

"बिनमोबदला. बदल्यात काही घेतलं नाही."

बारीकसारीक कराचा हिशेब तोंडपाठ असलेला माणूस तो. ओठ हलले, पण आकडा एकही बाहेर आला नाही. आता त्याला इथून कुणी काढू शकत नव्हतं. जिला हे सांगावं, ती मात्र नव्हती.

त्यानं फोटो मांडीवर घेतला, झेंडूची माळ नीट केली. मग मोडक्यातोडक्या इथल्या भाषेत, एका वर्षानंतर, तो तिच्याशी बोलला.

"हो गं. जेवलो."

सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, हे सुपोतला माहीत होतं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि भात कुठे ठेवतात ते पायलिनला विचारलं.