या वर्षी यादी नाही

त्याची गाडी मीच गाडली होती.

मुद्दाम नाही हो! बफेलोत रात्रभर बर्फ पडला की पहाटे पाचला माझा ट्रक निघतो. पुढचं नांगरासारखं पातं रस्त्याला टेकवायचं आणि सरळ जायचं. रस्त्यावरचा बर्फ जाणार कुठे? कडेला. आणि कडेला कुणी गाडी लावून निवांत झोपलेलं असलं, तर… तिचा डोंगर होतो.

त्या सकाळी परतीच्या फेरीला मी पाहिलं, तर एक उंचच उंच माणूस अशाच एका डोंगरापाशी वाकून बर्फ उपसत होता. तव्याने.

मी ट्रक थांबवला, काच खाली केली. "अहो! गाडी काढताय की नाश्ता करताय?"

त्याने वर पाहिलं. पापण्यांवर बर्फ, नाक लालबुंद. "फावडं नाहीये माझ्याकडे. मी टूसनहून आलोय."

"वाळवंटातले ना? तव्यावरून वाटलंच."

तो हसला. असा हसला, की मी फावडं घेऊन खाली उतरले. नाहीतर एवढी दयाळू मी नाही.

ट्रकमधला रेडिओ चालूच होता. डिसेंबरात आमच्याकडे बेसबॉल नसतो, असतात त्या नुसत्या गप्पा. आपल्या गल्स संघात कुणाला आणावं, कुणाला द्यावं, कोण म्हातारा झाला, कोण वाया गेला… रेडिओवर कुणीतरी गृहस्थ तावातावाने सांगत होते, की गल्सनी एक तगडा फटकेबाज विकत घ्यावा.

"डोंबल!" मी फावडं रोवलं. "आपल्याकडे चेंडू टाकणारा पिचर धड नाही आणि हे म्हणे फटकेबाज आणा!"

तो थबकला. "मग… तुमच्या मते काय करायला हवं?"

हे मला विचारायचं नसतं. आमच्या गल्लीतली पोरंटोरंही विचारत नाहीत. मी वीस मिनिटं बोलत होते. आणि तो, हातात तवा धरून, ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, "तिसऱ्या बेसबद्दल पुन्हा सांगा ना." आजवर कुणी, अगदी कुणीही, मला तिसऱ्या बेसबद्दल पुन्हा सांगायला लावलं नव्हतं.

गाडी मोकळी झाली. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"शुक्रवारी मासे खाऊ घाला. मी बर्नाडेट कुबियाक. बर्नी म्हणतात."

"आयझॅक मोन्तोया," तो म्हणाला. हात मिळवायला त्याने आधी तवा पुढे केला, मग हात.

शुक्रवारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात ताटाबाहेर जाणारा तळलेला मासा पुढ्यात आला. मी माझी दुसरी ओळख सांगितली. गल्सच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान आहे, तिथे मी 'नांगरवाली' या नावाने लिहिते. दर हिवाळ्यात माझी यादी निघते: हे येतील, हे जातील. चार वर्षांपूर्वी एक अंदाज तंतोतंत खरा ठरला, तेव्हापासून आठ हजार माणसं वाट बघतात.

"या वर्षी मी म्हणते, पश्चिमेकडचा तो डावखुरा पिचर हॅस्केल. तो आणा, बाकी सगळं जमेल."

आयझॅकने लिंबू पिळलं. लिंबात रस उरला नव्हता, तरी पिळतच राहिला. आणि त्याचे कान… हळूहळू लाल झाले.

"तुम्ही नेमकं काय काम करता हो?"

"ऑफिसात…"

"कुठल्या?"

त्याने लिंबू खाली ठेवलं. "गल्सच्या. खेळाडूंच्या फिल्म बघतो, आकडेमोड करतो. सहा महिने झाले. बर्नी, मला एक अक्षरही बोलता येत नाही. खरंच नाही."

"बोलू नका की. मी बोलते, तुम्ही मासा खा."

"माझे कान दिसतात तुम्हाला."

"टोपी घाला."

पुढच्या शुक्रवारी तो खरोखरच कानटोपी घालून आला! भर गरम हॉटेलात, घाम पुसत. मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या आजींनी वळून पाहिलं. "काढ ती. शपथ, आज बेसबॉल नाही." आणि बेसबॉल नव्हताच. त्याची आई शाळेची बस चालवते, त्याला पोहता येत नाही, आमच्या तळ्याची त्याला भीती वाटते. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. निघताना त्याने माझ्या मफलरचं टोक नीट खोचलं… आणि हात जरा उशिराच मागे घेतला.

घोळ झाला तिसऱ्या शुक्रवारी. माझ्याच जिभेने केला.

"शपथ मोडते, एकच मिनिट. हॅस्केल आणायचा म्हटलं, तरी बदल्यात द्यायचं काय? दोन नवखी पोरं देऊन ते थोडेच सोडणार? त्यांना हवाय कॅचर. चांगला, मुरलेला. आणि आपल्याकडे तसा कोण आहे, तर…"

मी थांबले. आयझॅकचा काटा हवेत थांबला होता. या वेळी कान लाल नव्हते. चेहराच पांढरा पडला होता.

"रुफिनो?" मी कुजबुजले.

त्याने वर पाहिलं नाही.

रुफिनो ताव्हेरा म्हणजे कोण, हे बफेलोत सांगावं लागत नाही. अकरा वर्षं आमचा कॅचर, फटकेबाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. माझ्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात आला होता. खोकताना छातीशी धरायला देतात ना, त्या उशीवर सही करून गेला. बाबा अजून ती उशी घेऊनच मॅच बघतात. हे मी आयझॅकला पहिल्याच शुक्रवारी सांगितलं होतं.

"बर्नी," त्याने काटा खाली ठेवला. "कागद अजून व्हायचेत. डॉक्टरची तपासणी व्हायचीय. आज बाहेर फुटलं तर सगळं मोडेल. आणि माझी ही पहिली नोकरी… पण तू काय करावंस, हे मी सांगणार नाही. मी काही बोललो नाही, तू मला वचन दिलेलं नाहीस."

"मी निघते," मी म्हणाले. मासा अर्धा तसाच राहिला.

मी बाबांच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. जिना चढताना ते खालून ओरडले, "काय ग, यादी कधी? तो रे काका लिहितोय, नांगराला गंज चढला म्हणून!"

रे काका म्हणजे त्या पानावरचा माझा जुना वैरी. दोन दिवस तो मला टोचत होता. तिसऱ्या दिवशी त्याने सरळच विचारलं: 'नांगरवाली, रुफिनोबद्दल काही कानावर आलंय का?'

मी लिहायला बसले. पाच ओळी, बस. हॅस्केल येतोय, रुफिनो जातोय. नांगरवाली पुन्हा खरी ठरली असती. रे काकाची जन्माची बोलती बंद. आणि शहराने आरडाओरडा केला असता, तर कदाचित रुफिनो राहिलाही असता… बाबांचा रुफिनो.

खाली बाबा स्वयंपाकघरात शिट्टी वाजवत सूप ढवळत होते. मला तो बिनरसाचं लिंबू पिळणारा हात दिसत राहिला.

पाचही ओळी पुसल्या. लिहिलं, 'या वर्षी यादी नाही. रस्ते खूप आहेत.' आणि कॉम्प्युटर बंद केला. आयझॅकला फोन केला नाही. त्यानेही केला नाही. चार दिवस नुसता बर्फ ढकलला.

गुरुवारी दुपारी रेडिओवर बातमी आली: हॅस्केल आला, रुफिनो गेला. मी कामावरून थेट घरी गेले. बाबा खुर्चीत होते, उशी मांडीवर.

"ऐकलंस?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. एकोणतीस वर्षं बघताहेत, काय लपणार? "आज नाही ऐकलंस तू. आधीच ठाऊक होतं."

"…हो."

"मला सांगितलं नाहीस?"

"नाही बाबा."

ते उशीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "कुणासाठी तरी पोटात ठेवलंस. तो तव्यावाला?"

मी उत्तर द्यायच्या आत दार वाजलं. दारात तोच… डोक्यावर बर्फ, हातात मार्केटातल्या सॉसेजचं पुडकं.

"कुबियाक काका, मी आयझॅक. गल्सच्या ऑफिसात असतो. रुफिनोला द्यावं असं लिहून देणाऱ्यांत मीही होतो. हे तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये, म्हणून आलो."



"का?" बाबांनी विचारलं.

"त्यांचे गुडघे, काका. बसून उठताना ते आता डावा हात जमिनीला टेकतात. तिकडे त्यांना निम्म्या मॅचना मागे न बसता नुसती बॅटिंग करता येईल. इथे आपण त्यांना एका वर्षात संपवलं असतं."

बाबांनी डोळे मिटले. "सप्टेंबरपासून टेकतोय हात," ते म्हणाले. "मला वाटलं, मलाच दिसतंय." मग नाक शिंकरलं, खुर्ची पुढे ओढली. "बस. त्या हॅस्केलचा खांदा धड आहे का, ते सांग."

सूप दोनदा गरम करावं लागलं. बाबा टेबलावर मिठाच्या डब्या मांडून मैदान करत होते, आयझॅक त्या हलवत होता, मी दोघांनाही मूर्खात काढत होते.

तो निघाला, तेव्हा मी पायऱ्यांपर्यंत गेले. बर्फ थांबला होता.

"रोज सकाळी ते पान उघडून बघत होतो," तो म्हणाला.

"विश्वास नव्हता?"

"भीती होती. नोकरीची नाही ग… तू लिहिलंस, तर मला तुझा राग येईल, याची. आणि मला तुझा राग यायला नको होता." तो थांबला. "ऑफिसातलं मी तुला कधीच सांगू शकणार नाही, बर्नी. पुढच्या हिवाळ्यातही नाही. त्याच्या पुढच्याही…"

"किती हिवाळे धरून चाललायस तू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, सरळ, काहीही न लपवता.

"तू देशील तितके."

"वाळवंटातला माणूस," मी म्हणाले, "आणि मागतोय काय, तर बफेलोचे हिवाळे!" मग मी एक पायरी वर चढले, कारण तो फारच उंच आहे, आणि त्याच्या कोटाची कॉलर दोन्ही मुठींत धरून त्याला जवळ ओढलं.

"घे," मी म्हणाले. "सगळे घे."