करंगळीचं पहिलं पेर

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला पटो न पटो, मी शपथा घेत बसणार नाही. मी साधा मेकॅनिक. जड गाड्यांच्या मागच्या एक्सलची कामं करतो. लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. हे पेज मला माझ्या चुलत बहिणीनं दाखवलं. ती इथली एकूण एक गोष्ट वाचते आणि घाबरली की मला फोन करते.

गेल्या वर्षीचा एक मंगळवार. दुपारचे तीन वाजले होते.

हो, दुपारचे. बाहेर लख्ख ऊन होतं, गॅरेजचा पत्रा तापून कडकड वाजत होता. मी एकटाच होतो.

आधी माझ्या काकांबद्दल सांगायला हवं. गॅरेज त्यांचंच. माझे वडील लवकर गेले, तेव्हा काकांनी मला घरात घेतलं आणि हातात पाना दिला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा जो गोल गड्डा असतो, तो डिफरन्शियल. आतले दाते तेलात फिरतात. तेल संपलं की दाते एकमेकांना खातात. काकांचा सगळा जीव त्या गड्ड्यात.

त्यांचा एक नियम होता. तेल भरून झालं की त्याच भोकात करंगळी घालायची आणि वाकवायची. पहिलं पेर भिजलं पाहिजे. भिजलं, तर झाकणाचा बोल्ट घट्ट करून त्यावर पिवळ्या रंगाचं टिंब द्यायचं, अर्धं बोल्टवर, अर्धं गड्ड्यावर. म्हणजे नंतर कुणी बोल्ट हलवला तर टिंब तुटतं आणि कळतं.

तेल कुणीही भरो, करंगळी आणि टिंब मात्र काकांचंच. गिऱ्हाइकं त्यांना तोंडावर 'करंगळी' म्हणायची. "काय करंगळी, आज किती बोटं बुडवली?" काका हसायचे आणि फडक्याला बोट पुसायचे.

फस्... फस्... असा आवाज यायचा त्या पुसण्याचा. कडक झालेलं तेलकट फडकं होतं.

काकांना जाऊन त्या मंगळवारी नऊ वर्षं झाली होती.

तर तीन वाजता एक बेकरीवाला जुनी पिकअप घेऊन आला. महिन्यापूर्वीच घेतलेली, कितव्या हातातली ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मिस्त्री, हिच्या मागून हंबरल्यासारखा आवाज येतो," तो म्हणाला. "चाळीसच्या पुढे गेलं की सुरू. आणि रोज सकाळी खाली तेलाचं हे एवढं डबकं. बायको म्हणते, गाडी घेतलीस की म्हैस?"

"आवाज वळणावर बदलतो का?"

"नाही."

"ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर?"

"पाय काढला की... बंद होतो. पण मग दुसरंच काहीतरी ऐकू येतं. तुम्हीच ऐका. मला नाही सांगता येत."

तो समोरच्या दुकानात टेकायला गेला. मी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली, गाडीखाली काम करायला आत उतरलो. गड्डा चिखलानं आणि तेलानं माखलेला होता. असं गळकं काम आलं की आमची एक पद्धत असते. सगळं रॉकेलनं धुवायचं, कोरडं करायचं आणि वर पावडर मारायची. बाळांना लावतात तीच साधी पावडर. मग गाडी फिरवून आणायची. जिथून गळतं तिथं पावडरवर ओला ओघळ दिसतो.

मी पावडर मारली आणि गाडी रस्त्यावर काढली.

चाळीसला आवाज सुरू झाला. वळणावर तसाच, म्हणजे चाकाचं बेअरिंग नव्हे. आत क्राउनचे, म्हणजे गड्ड्यातल्या मोठ्या चक्राचे दाते लागत होते. यात नवल काही नाही, असे आवाज मी रोज ऐकतो.

मग मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.

हंबरणं थांबलं. आणि मागून...

फस्... फस्...

मी ब्रेक मारला. आवाज थांबला नाही. गाडी जागेवर उभी, इंजिन बंद, आणि मागच्या रिकाम्या हौद्यातून तो आवाज येतच राहिला. संथ. कुणीतरी निवांत बसून बोट पुसत असावं तसा.

खाली उतरून पाहिलं. हौद्यात पावाचे रिकामे क्रेट होते, दुसरं काही नाही.

मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि गाडी परत खड्ड्यावर आणली.

खाली उतरून बॅटरी मारली. पावडर पांढरीशुभ्र होती. सील कोरडं, जोड कोरडा, एकही ओघळ नाही. पण माझ्या पायाखाली तेलाचं डबकं होतं... आणि त्यात वरून थेंब पडत होता. वर पाहिलं तर थेंब सुटायला जागाच नव्हती.

पावडरवर फक्त एक खूण होती. तेल भरायच्या बोल्टच्या बाजूला, एका बोटाची.

बारीक बोट. करंगळीचं.

मी फडक्यानं ती जागा पुसली. पावडर गेली, तिच्याखालचा उरलेला चिखलाचा थर निघाला... आणि बोल्टवर पिवळं टिंब दिसलं.

अर्धं बोल्टवर, अर्धं गड्ड्यावर. न तुटलेलं. आणि त्या टिंबाला खाली ओघळलेलं शेपूट होतं.



काका काडेपेटीच्या काडीनं टिंब द्यायचे. त्यांचं टिंब गोल गरगरीत असायचं. शेपूट असलेलं टिंब आमच्या गॅरेजमधून आयुष्यात एकदाच बाहेर पडलं.

ते मी दिलं होतं.

आता जे लिहितोय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लिहितानाही मान वर होत नाहीये.

त्या मंगळवारच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट. एका नर्सरीवाल्याची पिकअप आली होती, मागचं सील बदलायला. सकाळीच काकांनी मला गिऱ्हाइकासमोर झापलं होतं, एक पाना जागेवर ठेवला नाही म्हणून. मी फुगून बसलो होतो. मी जुनं तेल काढलं, सील बदललं आणि आत कचरा जाऊ नये म्हणून वरचा बोल्ट लावून टाकला. तेल नंतर भरणार होतो. काका जेवायला घरी गेले. नर्सरीवाला आला आणि हॉर्नवर हॉर्न. रोपं उन्हात सुकतायत म्हणाला. मी पाहिलं, बोल्ट घट्ट आहे. म्हणजे झालंच की काम, असं वाटलं; तेलाचं डोक्यातूनच गेलं. काकांची वाट कोण बघणार? टिंब मीच दिलं. घाईत रंग जास्त लागला, ओघळला.

गाडी गेली.

अर्ध्या तासानं बाकावर दोन डबे दिसले. गिअर ऑइलचे. सीलबंद.

मला तिथल्या तिथं कळलं. फोन हातात होता, नंबर भिंतीवर लिहिलेला होता. एक फोन करायचा होता, "गाडी थांबवा" एवढंच सांगायचं होतं. पण काका नुकतेच जेवून आले होते, समोरच बसले होते. पुन्हा शिव्या खायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन भरून येऊ.

चार वाजता निरोप आला. उतारावर मागची चाकं जाम झाली आणि गाडी उलटली. नर्सरीवाल्याचा पाय गुडघ्यातून गेला.

खालचा बोल्ट काढून पाहिलं, तर गड्डा आतून कोरडा निघाला. सगळ्यांनी एकच म्हटलं, वर पिवळं टिंब आहे, म्हणजे करंगळीनं तपासलंय. म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय. मी ते दोन डबे दुसऱ्या एका गाडीत रिकामे केले आणि तोंडातून ब्र काढला नाही.

काकांनी भांडण केलं नाही. टिंब बघायलाही गेले नाहीत. "माझंच राहिलं असेल," म्हणाले. बहिणीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, त्यांच्या हातातून किल्ल्या घेतल्या. "बाबा, आता गाडीला हात लावायचा नाही. कुणाचा तरी जीव जाईल." ते हो म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसून असायचे. फडकं घेऊन करंगळी पुसत राहायचे. बोट स्वच्छ असायचं, तरी पुसायचे.

अधूनमधून मला हाक मारायचे.

"अरे, मी त्या दिवशी बोट घातलं होतं का रे?"

आणि मी दर वेळी सांगायचो, "आठवत नाही, काका."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. दोन वर्षं होती. मला ते जमलं नाही. लाज वाटते म्हणणं फार कमी आहे, पण दुसरा शब्द मला येत नाही.

तर त्या मंगळवारी मी खड्ड्यात उभा राहून ते टिंब बघत होतो. भंगारातून आलेले सुटे भाग असे कुठून कुठे फिरतात, ते मला माहीत आहे. कुणीतरी तो गड्डा उचलला असेल, नवे दाते बसवले असतील, या गाडीला लावला असेल. सगळं पटतं. पण त्यात तेल भरायला बोल्ट उघडावाच लागतो. आणि टिंब तुटलेलं नव्हतं.

मी पाना लावला. बोल्ट फिरला, टिंब तुटलं. आत बॅटरी मारली.

कोरडं ठणठणीत.

मग डबकं कशाचं?

मी हातपंप आणला आणि तेल भरायला लागलो. या गड्ड्यात दोन लिटर बसतं. दोन झाले, भोकातून काही येईना. तिसरा डबा ओतला. चौथा. खाली एक थेंब गळत नव्हता आणि आत पातळी चढत नव्हती. सहावा डबा संपला.

फडक्याचा आवाज थांबलेला होता. पत्राही वाजत नव्हता. रस्त्यावरून एक गाडी जाईना.

मी करंगळी आत घातली.

वाकवली... बोटाला काहीच लागलं नाही. आणि मग आतून कुणीतरी माझं बोट धरलं.

जोरात नव्हतं. मी बारा वर्षांचा असताना काकांनी पहिल्यांदा माझी करंगळी अशीच दोन बोटांत धरून भोकात घातली होती. "पेर भिजलं का, सांग." अगदी तशीच पकड. तोच अंगठ्यावरचा घट्टा.

मी ओरडलो नाही.  माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असेल?

"आठवत नाही, काका."

सवयीनं. अजूनही.

पकड आवळली. हाड कळवळलं. मी लोखंडावर कपाळ टेकलं आणि रडत सगळं बोललो. "तुम्ही नाही काका. तुम्ही जेवायला गेला होतात. तेल मी भरलं नाही. टिंब मी दिलं. मला माहीत होतं, काका. मला तेव्हाच माहीत होतं."



मग पकड सैल झाली... आणि करंगळीचं पहिलं पेर भिजलं.

बेकरीवाला आला तेव्हा मी बोल्ट लावून वर येऊन बसलो होतो. त्यानं सहा रिकामे डबे पाहिले, माझं तोंड पाहिलं आणि हिशेबाचं काही विचारलं नाही. खाली वाकून मात्र म्हणाला, "मिस्त्री, हे पिवळं काय लावलंत? ओलं आहे अजून."

मी वाकून पाहिलं. बोल्टवर टिंब होतं. गोल गरगरीत. शेपूट नसलेलं.

त्या अपघातानंतर आमच्या गॅरेजमध्ये पिवळा रंग आलेला नाही.

ती गाडी आता गळत नाही. हंबरतही नाही. बेकरीवाला भेटला की हात दाखवतो. मला वाटलं, सुटलो.

पण दुसऱ्या दिवशी तीन वाजता दारातल्या त्या जुन्या खुर्चीकडून आवाज आला. फस्... फस्... तेव्हापासून रोज येतो. खुर्ची मी आत ठेवून पाहिली, माळ्यावर टाकून पाहिली. तीन वाजले की आवाज दारातूनच येतो. खाली तेलाचा एक थेंब असतो. मी पुसतो, तो परत असतो.

वर्षभर विचार करतोय, आता काय हवंय त्यांना? सांगितलं तर सगळं.

मग लक्षात आलं, मी ते खड्ड्यात, लोखंडाला सांगितलं. माणसाला कुठं सांगितलं?

नर्सरीवाला कुबडी घेऊन आजही रोपं विकतो. त्याच्या दुकानाच्या फाटकापर्यंत मी तीनदा गेलो आणि तोंड लपवून परत आलो. काकू अजून कुणी काकांचं नाव काढलं की आधी म्हणतात, "शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं हो." घरी जातो, त्या समोर बसतात आणि माझी जीभ रेटत नाही.

म्हणून इथं लिहिलं.

ताई, तू हे पेज वाचतेस. इथवर आली असशील तर तुला कळलंच असेल कोण लिहितोय. तुझ्या बाबांना नीट दिसत होतं. त्यांनी त्या गाडीत बोट घातलंच नव्हतं, कारण मी त्यांना बोलावलंच नाही. तू त्यांच्या हातातून किल्ल्या घेतल्यास, तेव्हा मी मागे उभा होतो.

काकूंना हे वाचून दाखव. मग मला फोन कर, किंवा करू नकोस.

आत्ता तीनला पाच कमी आहेत. फोन समोर ठेवून बसलोय. करंगळी सकाळपासून तीनदा पुसली.

अजून ओलीच आहे.