खांद्यावरचा हात

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनला, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत सुदामचं फोटोचं दुकान. वय पंचेचाळीस, पण अंगातल्या खोड्या शाळकरी. गिऱ्हाईक शेजारी बसलं की स्क्रीनवर त्याची मिशी गायब करायची, त्याचा चेहरा उतरला की परत आणायची. "पुसली नाय शेठ, झाकली," म्हणून खिदळायचं. फोटोशॉपातला मास्क म्हणजे तेवढंच. एक आकार काढायचा. आकाराच्या आतलं दिसतं, बाहेरचं झाकलं जातं.

मेलेल्यांचे फोटो फार यायचे. जन्मभर बनियनवर वावरलेल्या म्हाताऱ्यांना सुदाम तयार कोट-टाय चढवायचा. बायकांसाठी पैठण्यांचं वेगळं फोल्डर होतं.

२००४ च्या मार्चमधली दुपार. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून तुळशी आली, चाळिशी ओलांडलेली. पदराच्या गाठीतून तिनं फोटो काढला. जत्रेत काढलेला, अर्धा फाटलेला. फ्रॉकातली लहानगी तुळशी आणि तिच्या खांद्यावर एक हात. मनगटापाशी फोटो संपला होता.

"आय हाय ती," ती म्हणाली.

आई गेली तेव्हा बापानं फोटो मधोमध फाडला, तिचा अर्धा तिच्यासंगं मातीत ठेवला. चेहरा तुळशीला आठवत नव्हता. रोज कामाला निघताना ती त्या हाताला बोट लावायची. आता लेकीचं, रविनाचं लग्न होतं. मांडवात आजी पाहिजे, तर निदान हा हातच मोठा करून दे, एवढंच मागणं.

सुदामनं फोटो स्कॅन केला आणि तिलाही खेळ दाखवला. फ्रॉकवाली पोर झाकली, परत आणली. तुळशी पदर तोंडाला लावून हसली. तिला चहा देऊन त्यानं बाकावर बसवलं. मनात बेत शिजला होता. या हाताला फोल्डरमधली एखादी पैठणीवाली जोडायची आणि म्हणायचं, ही घे तुझी आय.

त्यानं पेन टूलनं हाताभोवती आकार काढायला घेतला. मनगटापाशी माउस घसरला, एक बिंदू फाटक्या कडेच्या पलीकडे गेला. तिथं फोटोच नव्हता. रिकाम्या जागेचे नुसते राखाडी-पांढरे चौकोन दिसायला हवे होते.

बांगडी दिसली.

शेजारच्या कारखान्यातल्या आकाशनं या वेळी आपलीच खोडी काढली, असं त्याला वाटलं. स्कॅनरचं झाकण उघडलं. फोटो तसाच, मनगटापाशी संपलेला. मास्क बंद केला: फाटकी कड. चालू केला: बांगडी. झाकायचं काम करणारा मास्क नसलेलं दाखवत होता.

त्यानं बिंदू आणखी बाहेर ओढला. कोपर आलं. चोळीच्या बाहीला ठिगळ होतं, त्याचे टाके मोजता आले असते. दुकानात ओल्या मातीचा वास पसरला. शेजारच्या शिलाई मशिनी ऐकू येईनाशा झाल्या.

पैठण्यांचं फोल्डर तो विसरला. हात जोडावेसे वाटले, पण माउस सोडायची हिंमत होईना.

गळा.

हनुवटी.

तुळशी कधी मागे येऊन उभी राहिली, त्याला कळलं नाही.

मग चेहरा आला. कॅमेऱ्याकडे न बघता खाली, लेकीकडे बघणारा.

"पोरच हाय की ही," तुळशी हळूच म्हणाली. "माझ्या रविनाएवढी."

सुदामनं प्रिंटचं बटण दाबलं.

प्रिंट निघाली. तुळशीनं ती कपाळाला लावली. सुदामनं स्कॅनरमधून जुना फोटो काढून तिच्या हातात दिला. सवयीनं तिचं बोट हाताच्या जागी गेलं आणि थांबलं. तिनं सुदामकडे पाहिलं, ओळखीचं हसली.

"दादा, हात झाकलास ना? दे आता परत. मला रोज लागतो तो."

सुदामनं जुना फोटो घेऊन दाराशी उन्हात धरला. फ्रॉकवाली पोर एकटीच उभी होती. खांदा मोकळा.

फ्रॉकवर चार बोटांच्या चुण्या मात्र तशाच होत्या.